लेखणीमागचे भय

श्रमाने शरीर झिजते, हे मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नोकरीच्या धास्तीने मनही झिजते आणि तोही कामाचाच रोग होय, हे मान्य व्हावयास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. ह्या जाणिवेची एक जुनी नोंद इटलीत आढळते.

बेर्नार्दिनो रामात्सिनी हा मोदेना येथील वैद्य. धंद्यांमुळे जडणाऱ्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत त्याने एकाची भर घातली : ‘तुझा धंदा कोणता?’ १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांविषयी एक प्रकरण जोडले. त्यांच्या व्याधींची कारणे त्याने तीन दिली : सततची बैठक, हाताची एकसारखी चालणारी हालचाल आणि मनावरील ताण. वहीत चूक होऊ नये, बेरीज-वजाबाकीत धन्याला खोट येऊ नये, ह्या चिंतेचा तो ताण होय. कुंभाराला बाधणारे शिसे ज्या गांभीर्याने त्याने नोंदविले, त्याच गांभीर्याने कारकुनाची धास्तीही नोंदविली.

पुढे लेखणीच्या जोडीला तारयंत्र आले. मोर्सची कळ दाबता दाबता कित्येक तारमास्तरांचा हात हुकमाबाहेर जाऊ लागला. बिंदू आणि रेषा नीट उमटेनात. ब्रिटनमध्ये १९०८ साली ह्या विकाराला नुकसानभरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत स्थान मिळाले. परंतु १९११ साली डाकखात्याच्या समितीने, वारंवारच्या थकव्याबरोबर कामगाराच्या मज्जासंस्थेची अस्थिरताही त्यास कारण असल्याचे सांगितले. रामात्सिनीने कामाकडे दाखविलेले बोट आता काम करणाराकडेही वळले. दुबळेपणाचा शिक्का बसेल ह्या भीतीने मग माणूस आपला त्रास लपवितो, आणि मूळच्या धास्तीत आणखी एकीची भर पडते.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मानसिक विकारांचा अंतर्भाव केला. यादीत नावाने न आलेल्या विकारांचा कामाशी संबंध सिद्ध व्हावा, एवढी अट राहिली. तोवर रामात्सिनीच्या मृत्यूला जवळजवळ तीन शतके लोटली होती. यादीने कागदोपत्री मान्यता मिळाली. पण भेदरलेल्या कर्मचाऱ्याला न्याय मिळावयाचा, तर त्याच्या स्वभावाची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या कामाची चौकशी झाली पाहिजे. एका चुकीची किंमत तेथे केवढी मोजावी लागते, हे पाहिले पाहिजे. त्या वृद्ध वैद्याचा साधा प्रश्न एवढ्यासाठीच अजून जुना झालेला नाही.