वस्तू आणि तिची नोंद : जपानी चहाची उपकरणे व मराठी घरातील भांडी

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, नाणी व शिलालेख यांना मानाचे स्थान असते. घरगुती वस्तू मात्र बहुधा उपेक्षित राहतात. या उपेक्षेमुळे काय गमावले जाते, हे जपान व महाराष्ट्र येथील दोन संग्रहांच्या तुलनेतून लक्षात येते.

जपानमधील चहाविधीला सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी साधेपणाचे वळण दिले. त्यामुळे मातीचा ओबडधोबड वाडगा, बांबूची चहापळी व लोखंडी किटली यांनाही कलावस्तूची प्रतिष्ठा लाभली. क्योतो येथील नोमुरा संग्रहालय (स्थापना १९८४) हे उद्योजक नोमुरा तोकुशिची यांनी जमविलेल्या अशा उपकरणांसाठी प्रसिद्ध आहे. मौल्यवान उपकरण लाकडी पेटीत ठेवण्याची व पेटीवर वस्तूचे नाव, कारागीर किंवा जाणकाराचा निर्वाळा लिहिण्याची तेथे प्रथा आहे. वस्तूबरोबर तिचा पूर्वेतिहासही पुढील पिढीच्या हाती जातो.

महाराष्ट्रात आतिथ्याचा असाच संस्कार विड्याभोवती घडला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील नक्षीदार अडकित्ते व पानदाने त्याची साक्ष देतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला आणि बालपणी निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव संग्रहालयास दिले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तथापि आपल्याकडील घरगुती वस्तूंवर कारागिराचे नाव क्वचितच आढळते. लग्नात वा मुंजीत आहेर म्हणून आलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर मात्र देणाऱ्याचे नाव, गाव व तारीख कोरलेली असते. जपानी पेटीवरील लेखाचे कार्य येथे भांड्याचा काठ करतो. नातेसंबंध, स्थलांतर व आर्थिक स्थिती यांचा तो विश्वसनीय पुरावा होय. स्टीलचा प्रसार झाल्यावर अशी असंख्य भांडी मोडीत गेली आणि धातूबरोबर लेखही वितळला.

केळकरांनी वस्तू वाचविल्या. त्यांवरील अक्षरे वाचविण्याचे कार्य अपुरे आहे. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील भांड्यांवरील नावे व तारखा नोंदविल्या, तरी स्थानिक इतिहासाचे एक नवे दालन खुले होईल. त्यासाठी निधीची नव्हे, तत्परतेची आवश्यकता आहे. कारण मोडीत गेलेले भांडे परत येत नाही.