जुने गोवे येथील से कॅथेड्रल

आपल्या मंडळाच्या गोव्याच्या सहलीत मंगेशी व शांतादुर्गा यांची दर्शने झाली, समुद्र पाहिला, आणि शेवटच्या दिवशी जुने गोवे येथील सुप्रसिद्ध 'से कॅथेड्रल'ही पाहिले. देवळांची माहिती आपणा सर्वजणींना लहानपणापासून असते. चर्च मात्र आपण बाहेरून पाहतो, फार तर आत डोकावतो आणि परत फिरतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या वास्तूचा इतिहास भगिनींसमोर ठेवीत आहे.

पणजीहून मांडवी नदीच्या काठाकाठाने सुमारे दहा किलोमीटर गेले की जुने गोवे लागते. आज तेथे मोठमोठी चर्चे, हिरवळ आणि माडांची झाडे एवढेच दिसते. परंतु एके काळी हे भरभराटीचे शहर होते. पोर्तुगीज येण्यापूर्वी ते विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्क याने ते जिंकून घेतले, आणि त्या वेळी शहरातील मुसलमानांची मोठी कत्तल झाली. तो दिवस ख्रिस्ती पंचांगात संत कॅथरिनचा सण होता. म्हणून आल्बुकर्कने तिच्या नावाने एक लहानसे प्रार्थनामंदिर उभारले. १५३४ साली त्याला कॅथेड्रलचा मान मिळाला.

कॅथेड्रल म्हणजे साधे चर्च नव्हे. जेथे बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. 'से' हा पोर्तुगीज शब्दही आसन याच अर्थाचा आहे. आपल्याकडे जसे शंकराचार्यांचे पीठ, तसे हे आर्चबिशपांचे पीठ समजावे.

पुढे राज्य वाढले, वैभव वाढले, आणि जुने मंदिर अपुरे वाटू लागले. तेव्हा १५६२ साली राजा सेबास्त्यांव याच्या कारकिर्दीत सरकारी खजिन्यातून नवीन कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले. इमारत पुरी होण्यास १६१९ साल उजाडले आणि आतील वेद्या पूर्ण होईपर्यंत १६५२ साल आले. म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंत नव्वद वर्षे लागली! पाया खणणाऱ्या गवंड्याच्या नातवाच्या मुलाने शेवटचा हात फिरवला असेल तरी नवल नाही.

बांधकाम कोकणात सर्वत्र मिळणाऱ्या जांभ्या दगडाचे असून वर चुन्याचा गिलावा आहे. लांबी सुमारे २५० फूट आणि रुंदी सुमारे १८१ फूट. पूर्वी दर्शनी भागाला दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. त्यामुळे समोरून पाहताना प्रथम काहीतरी उणे वाटते. एका कानात कुडी आणि दुसरा कान मोकळा, असे ते रूप आहे. पण थोडा वेळ पाहत राहिले की तेच रूप ओळखीचे होऊन जाते.

आत पाऊल टाकताच उंची आणि शांतता यांनी मन दबून जाते. उजव्या हाताला बाप्तिस्म्याचे जुने कुंड आहे. ते १५३२ सालचे असून संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्यातील पाण्याने बाप्तिस्मा दिला अशी परंपरा सांगतात. दोन्ही बाजूंना लहान लहान प्रार्थनागृहे आहेत. एकात चमत्काराचा क्रूस आहे. हा क्रूस वाढत जातो अशी भाविकांची श्रद्धा असून तेथे नवस बोलले जातात. नवस बोलणाऱ्या बाईचा चेहरा कोणत्याही धर्मात सारखाच दिसतो, हे तेथे उभे राहिल्यावर समजते.

समोर मुख्य वेदी आहे. तिच्यामागे थेट वरपर्यंत लाकडी कोरीवकामाचा सोनेरी पडदा उभा आहे. त्यावर संत कॅथरिनच्या चरित्रातील प्रसंग कोरलेले आहेत. भगिनींनो, ही कथा आपण सर्वजणींनी ऐकण्यासारखी आहे.

कॅथरिन ही इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीतील मोठ्या घराण्यातील तरुण मुलगी. ती फार विदुषी होती. रोमच्या बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, तेव्हा ही मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला वादात हरविण्यासाठी त्याने मोठमोठे पंडित बोलावले. तिने त्या सर्वांना निरुत्तर केले. आपल्या गार्गीची आठवण व्हावी असाच हा प्रसंग! मग तिला खिळे लावलेल्या चाकावर मारण्याचा हुकूम झाला, परंतु ते चाकच मोडून पडले. अखेर तिचा शिरच्छेद केला गेला. तिचा गुन्हा एवढाच की तिने आपला धर्म सोडला नाही. अशी ही कथा भाविक शेकडो वर्षे सांगत आले आहेत. एवढ्या मोठ्या वास्तूची स्वामिनी एक शिकलेली मुलगी आहे, याचे मला फार कौतुक वाटले.

आता याच वास्तूच्या शेजारची दुसरी हकिगत सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही.

उभ्या असलेल्या मनोऱ्यात एक प्रचंड घंटा आहे. तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात. ती सोन्याची नाही, पण तिचा नाद इतका गोड आणि भरदार आहे की तिला तसे नाव पडले. ती १६५२ साली गोव्यातच कुंकळ्ळी येथे ओतली गेली. ही घंटा प्रार्थनेसाठी वाजे, तशीच ती आणखी एका कामासाठीही वाजे. १५६० साली गोव्यात 'इन्क्विझिशन' हे धर्मन्यायालय सुरू झाले. त्याची कचेरी व तुरुंग या कॅथेड्रलच्या दक्षिणेस, अगदी शेजारीच होते. बाप्तिस्मा घेतल्यावरही जे लोक जुने आचार पाळीत त्यांना तेथे पकडून आणीत, छळ करीत आणि मग मिरवणूक काढून जाहीरपणे शिक्षा सांगत. काहींना जिवंत जाळीत. त्या दिवशी पहाटे घंटेचा नाद झाला की सारे शहर गोळा होई. देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य १६७४ ते १६७६ या काळात तेथे कैदेत होता. त्याने सुटल्यावर लिहिलेले पुस्तक १६८७ साली प्रसिद्ध झाले आणि युरोपातील लोकांनाही ही हकिगत कळली. आपल्या मराठीतील थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनीही १९६१ साली या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

गुन्हे तरी कोणते होते? १७३६ साली निघालेल्या एका फर्मानात बंदी घातलेल्या चालीरीतींची मोठी यादीच आहे. लग्नात हळद लावू नये, अंगणात तुळस लावू नये, एकादशीचा उपास करू नये, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये! हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. राजकारण करणारे पुरुष, लढाया करणारे पुरुष, आणि गुन्हा शोधायचा तो बाईच्या चुलीपाशी! भाताला मीठ घातले की नाही, एवढ्यावरून घरात भीती शिरत असेल, तर त्या घरातील बाईने रोज कोणत्या मनाने तांदूळ धुतले असतील? हे न्यायालय मध्ये थोडी वर्षे बंद होते. ते कायमचे बंद झाले १८१२ साली.

एकीकडे स्वधर्म न सोडणाऱ्या कॅथरिनची सोन्याने मढवलेली चित्रे, आणि दुसरीकडे, भिंतीपलीकडे, आपले आचार न सोडणाऱ्यांना शिक्षा! कॅथरिनला जो छळ सोसावा लागला, तोच तिच्या नावाने उभारलेल्या पीठाच्या शेजारी इतरांना सोसावा लागला. सत्ता हातात आली की माणूस आपलीच कथा विसरतो.

आपल्यापैकी काहीजणींची कुलदैवते गोव्याची आहेत. त्यांना हा इतिहास घरातूनच माहीत आहे. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळास नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली. आज आपण ज्या देवळांत ओट्या भरतो, तेथे ते देव रातोरात नदी ओलांडून आलेले आहेत. से कॅथेड्रलसमोर मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेट आहे. तेथे कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. तेही देऊळ पाडले गेले आणि भक्तांनी लिंग पलीकडे डिचोली भागात नार्वे येथे नेले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे देवळाचा जीर्णोद्धार केला. २०२३ साली गोवा शासनाने त्याची पुन्हा नीट दुरुस्ती करून घेतली.

हे सारे माहीत असल्यामुळेच बसमध्ये आपल्या एका वडीलधाऱ्या भगिनीने विचारले, "ज्यांनी आपले देव हलविले, त्यांच्या देवळात आपण कशाला जावयाचे?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी कोणी काही बोलले, कोणी काही. मला सुचलेले उत्तर येथे लिहिते. ज्यांनी अन्याय केला ते अधिकारी केव्हाच मातीआड झाले. त्यांचे राज्यही १९ डिसेंबर १९६१ रोजी गेले. आज त्या बाकांवर गुडघे टेकून बसणाऱ्या बायका बहुतेक त्याच घरांतील लेकी-सुना आहेत, ज्यांच्या पणज्यांच्या चुलीवर पहारा होता. त्या परक्या कशा?

आणि त्यांनी तरी आपले सारे कुठे टाकून दिले? आजही गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी नवरीला व नवऱ्याला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालतात. त्याला 'रोस' म्हणतात. आपल्या हळदीची ही बहीणच. नवरीला चुडा भरतात, त्यात हिरव्या बांगड्या असतात, आणि तो मान मामाच्या घरचा असतो. फर्मान निघाले आणि गेले, पण बांगड्या राहिल्या. बायकांनी जे जपले ते टिकले.

भाषेचेही तसेच. १६८४ साली सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीजच बोलण्याचा हुकूम काढला. पण त्यापूर्वीच फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले होते. हे गृहस्थ १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि तिच्या प्रेमातच पडले. पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि पुढे कित्येक पिढ्या गोव्याचे ख्रिस्ती ते भक्तीने वाचीत व ऐकत आले. १६१९ साली से कॅथेड्रलची इमारत पुरी झाली, त्याच साली स्टीफन्स वारले. जात्यावर, पाळण्यापाशी आपल्या आजीच्या तोंडी जी ओवी होती, तीच ओवी गोव्याच्या चर्चमध्येही घुमली, ही गोष्ट आपणास माहीत असावी.

पुढे साथीच्या रोगांनी हे शहर ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेले आणि १८४३ साली राजधानीही तिकडेच ठरली. घरे मोडली, दगडही लोकांनी नेले. जवळच टेकडीवर संत ऑगस्टिनचे भव्य चर्च होते. १८३५ साली तेथील साधूंना जावे लागले, दिवा लावणारे कोणी उरले नाही, आणि १८४२ साली त्याचे छत कोसळले. आज तेथे मनोऱ्याचा एक तुकडा तेवढा उभा आहे. से कॅथेड्रलचा मनोरा त्याच्याही आधी पडला होता, पण तेथील मिस्सा थांबली नाही. रोज कोणी झाडले, कोणी मेणबत्ती लावली, म्हणून ते आजही नांदते आहे. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चांना जागतिक वारशाचा मान मिळाला. दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव समोरच्या बॉम जेझूस चर्चमधून येथे दर्शनासाठी आणून ठेवतात. मागील दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला आणि त्याला सर्व धर्मांचे लोक आले.

ज्या भगिनी पुढे गोव्यास जातील त्यांनी अंगभर वस्त्रे नेसून जावे, आत मोठ्याने बोलू नये, आणि मिस्सा चालू असेल तर मागे स्वस्थ उभे राहावे. वेदीवरील कॅथरिनची चित्रे सावकाश पाहावीत. मग घाटावर येऊन फेरीबोटीने दिवाडीस जावे आणि सवड असल्यास नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचेही दर्शन घ्यावे. एकाच दिवसात दोन्ही पाहणे होते. मुलींना बरोबर नेल्यास त्यांना दोन्हीकडच्या कथा सांगाव्यात. एकच सांगून दुसरी लपवू नये.

आपल्या मंडळात निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या चालीरीतींच्या भगिनी एकत्र येतात. कोणाच्या भाताला मीठ असते, कोणाच्या नसते. त्यावरून कोणी कोणास दुखवीत नाही, म्हणूनच आज आपण हा वर्धापनदिन साजरा करीत आहो. असाच लोभ पुढेही राहो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.