संत्रे : परसातील व कुंडीतील लागवड (भाटघर परिसर)

संत्रे (सिट्रस रेटिक्युलाटा, कुल रुटेसी) हे प्रामुख्याने विदर्भाचे बागाईत फळ. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणलेली रोपे नागपुरात प्रथम वाड्याच्या परसात लावली, अशी परंपरागत हकीकत आहे. तसे असेल तर नागपूरची ही बागाईत परसातूनच बाहेर पडली म्हणायची.

भाटघरच्या आसपासचा भोर व वेल्हे (आता राजगड) हा मुलूख मात्र भाताचा. वेळवंडी नदीवर १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या लॉईड धरणाचे, म्हणजे भाटघरचे, पाणी नीरेच्या कालव्यांतून पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत जाते. धरणाच्या काठावरच्या परसात मात्र संत्र्याची अडचण वेगळी : पावसाळ्यात पाणी जास्त होते. संत्र्याची मुळे दोन-चार दिवस तुंबलेल्या पाण्यात राहिली की कुजू लागतात, बुंध्यातून डिंक ओघळतो (डिंक्या) आणि शेंडे वाळत खाली येतात. म्हणून रोप सपाटीच्या खड्ड्यात न लावता उंचवट्यावर, उताराला लावावे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम फासतात : मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर.

या हवेत कुंडी ही जागेअभावी केलेली तडजोड मानू नये. पुष्कळदा तीच बरी. पंधरा-अठरा इंची मातीची कुंडी, तळाच्या भोकावर खापराचे तुकडे, तांबडी माती, शेणखत आणि थोडी वाळू एवढे पुरते. संततधार लागली की ती पागोळ्यांखालून हलवता येते. शिवाय ताण देणे सोपे जाते. झाडाला फुलवण्यासाठी डिसेंबरात पाणी तोडतात. कुंडीतील झाड थोड्याच दिवसांत मलूल होते, मग पाणी व खत दिले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार येतो. जून-जुलैत फुलणारा मृग बहार इथल्या झडीत टिकवणे कठीण. आंबियाची फळे दिवाळीच्या सुमारास तयार होऊ लागतात. रात्री गार नसतील तर साल हिरवट राहते, पण फळ आतून पिकलेले असते.

बीपासून केलेले रोप बहुधा आईच्याच गुणाचे निघते, कारण संत्र्याच्या एका बीत अनेक भ्रूण असतात. पण फळाला बरीच वर्षे लागतात आणि काटेही फार. जांभेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम घ्यावे, आणि डोळ्याचा सांधा मातीत गाडू नये. सांध्याखालून फुटलेली फूट वेळीच काढली नाही तर जांभेरीच माजते, आंबट फळे धरतात आणि बोल मात्र रोपवाटिकेला लागतो.

कोवळ्या पालवीवर लिंबाच्या फुलपाखराची अळी येते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते; कढीपत्त्यावरही तीच असते. घरच्या झाडाला औषध फवारण्यापेक्षा ती हाताने वेचणे पुरे.

अगदी लहान कुंडीसाठी चायना ऑरेंज या नावाने विकले जाणारे कॅलामॉंडिन घ्यावे. त्याची आंबट फळे सरबताला व लोणच्याला चालतात.