खर्डा आणि नक्कल

जुन्या दफ्तरखान्यांत खर्डा निराळा आणि नक्कल निराळी. धन्याच्या दुरुस्त्यांनी व कारकुनाच्या खोडाखोडीने भरलेला खर्डा रुमालात बांधून घरीच राही, आणि परमुलखी रवाना होई ती केवळ साफ नक्कल. तीही अखेरीस मोर्तब उमटवून, जेणेकरून मजकुराखाली कोणास एक अक्षर वाढविता येऊ नये. टंकलेखनयंत्र आले तरी हा भेद शाबूत होता. तो मोडला संगणकाने, आणि इतक्या गुपचूप की मोडल्याची खबर खुद्द राज्यकर्त्यांना लागली नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्याकचेऱ्यांत रुळलेल्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये फाइल त्वरेने साठविण्याची एक सोय होती. तिच्यात गाळलेले वाक्य पुसले न जाता दुरुस्ती तेवढी शेवटी जोडली जाई, आणि पडद्यावरून अंतर्धान पावलेला मजकूर आत सुखरूप राही. याखेरीज फाइल कोणी व कोठे साठविली याच्या शेवटच्या दहा नोंदीही वर्ड आपल्या पोटात बाळगी. फेब्रुवारी 2003 मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कचेरीने इराकविषयीचे टिपण वर्ड फाइलीच्याच रूपात संकेतस्थळावर ठेवले, आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत त्याची वाखाणणी केली. केंब्रिजचे ग्लेन रंगवाला यांनी त्यातील बराच भाग इब्राहिम अल-मराशी या अभ्यासकाच्या लेखातून मुद्रणदोषांसकट उचललेला असल्याचे दाखवून दिले, ती नामुष्की पुरेशी होती; पण रिचर्ड स्मिथ या संगणकतज्ज्ञाने त्या दहा नोंदी बाहेर काढल्या, तेव्हा टिपण हाताळणाऱ्या कारकुनांची नावे तर उघड झालीच, शिवाय फाइलीच्या पत्त्यातील ‘ए’ या एका अक्षरावरून ते फ्लॉपीवर उतरविले गेल्याचेही कळले. जूनमध्ये पंतप्रधानांचे संपर्कप्रमुख अ‍ॅलिस्टर कॅम्बेल यांच्यावर संसदीय समितीपुढे या नावांचा खुलासा करण्याचा प्रसंग आला.

मग सर्वांनी पीडीएफचा आश्रय केला. पोथीतील चुकलेल्या अक्षरावर लेखनिक हरताळाचा पिवळा लेप देत, आणि लेपाचा पोपडा उडाला की खालचे अक्षर पुन्हा डोकावे. गोपनीय मजकूर झाकण्यासाठी पीडीएफवर ओढलेल्या काळ्या पट्टीला तर उडण्याचीही गरज नव्हती. इटालियन गुप्तहेर निकोला कालिपारी हे मार्च 2005 मध्ये बगदादेत अमेरिकी गोळीबारात मृत्यू पावले, त्याच्या लष्करी चौकशीचा अहवाल अशाच पट्ट्या ओढून प्रसिद्ध झाला, आणि इटलीतील वाचकांनी तो मजकूर निवडून दुसऱ्या फाइलीत चिकटविताच झाकलेली नावे व नाक्यांवरील बंदोबस्ताचा तपशील वाचता येऊ लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मार्गदर्शिका काढली. तिचा मथितार्थ एवढाच की गोपनीय मजकूर झाकू नये, मूळ फाइलीतून काढूनच टाकावा, उरलेला कोऱ्या फाइलीत उतरवावा आणि मगच त्याची पीडीएफ करावी. उपाय सोपा आहे. परंतु डोळ्यांना जे दिसत नाही ते नाहीच, या समजुतीपुढे मार्गदर्शिकांचे फारसे चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या निवेदनावरही काळ्या पट्ट्या होत्या, आणि निवडणूक-चाचण्यांची माहिती मॅनफोर्ट यांनी आपले जुने सहकारी कॉन्स्टँटिन किलिमनिक यांना दिल्याचा त्यांखालचा उल्लेख पत्रकारांनी त्याच दिवशी प्रसिद्ध केला.