कोऱ्या सीडीची कुळकथा

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात धायरी फाट्यावर कोरी सीडी मागितली की दुकानदार विचारायचा, "साधी देऊ की आर-डब्ल्यू?" साधी म्हणजे एकदाच लिहिता येणारी सीडी-आर. आर-डब्ल्यू पुसून पुन्हा लिहिता यायची, पण महाग पडायची. आपला हिशेब सोपा होता: परत परत वापरता येते ना, मग तीच घ्या. मीही तीच घेतली.

दोघींना कोरीच म्हणत असलो तरी त्यांचं कूळ एक नव्हे. साधीचं कूळ रंगाऱ्याचं. १९८८ मध्ये जपानच्या तायो युदेन कंपनीने सायनिन या रंगाचा पातळ थर आणि त्यामागे सोन्याचा मुलामा अशी चकती तयार केली. लेसरच्या उष्णतेने रंगाच्या थरावर डाग पडतो आणि तो डाग हेच अक्षर. ते पुसता येत नाही. सोन्यावरून प्रकाश एवढा परततो की साध्या प्लेअरला ती कारखान्यात छापलेली सीडीच वाटते. पुढे सोन्याच्या जागी चांदी आली. दिल्लीजवळ नोएडात मोझर बेअर कंपनी कोऱ्या सीडी काढू लागली, आणि साधी सीडी इतकी स्वस्त झाली की दुकानात तिचा पन्नासचा डबाच मिळू लागला.

आर-डब्ल्यूचं कूळ मात्र धातू ओतणाऱ्याचं. ती आली १९९७ मध्ये. तिच्या पोटात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. लेसरने तो वितळवून झटक्यात गार केला की अणू विस्कटलेलेच गोठतात आणि तिथे खूण उमटते. बेताने तापवला की अणू पुन्हा रांगेत बसतात आणि जागा कोरी होते. असं साधारण हजार वेळा करता येतं. या विद्येचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेचा स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की. त्याने १९६० च्या दशकातच असे पदार्थ हाताळले होते.

या धातूवरून प्रकाश फार कमी परततो, जेमतेम १५ ते २५ टक्के. साधीवरून ६५ टक्क्यांच्या वर. म्हणून हौसेने आर-डब्ल्यूवर भरलेली गाणी हॉलमधल्या जुन्या प्लेअरला दिसायचीच नाहीत. वेळही जास्त लागे. सीडी रायटरच्या तोंडावर ५२x३२x५२ असे तीन आकडे असत, त्यातला मधला आर-डब्ल्यूचा. शिवाय डिस्क ४x ची असेल तर रायटर कितीही जलद असो, ७०० एमबी भरायला वीसएक मिनिटं जायची. तेवढ्यात वीज गेली की काम पहिल्यापासून. पुण्यात गुरुवारी तर वीज हमखास जायची. पण निदान आर-डब्ल्यू पुसून परत घेता येई. साधी मध्येच अडकली की फेकूनच द्यावी लागे.

आमच्या धायरी-नऱ्ह्याच्या वर्कशॉपांना आर-डब्ल्यू शोभली. ड्रॉइंग आज बदलतं, उद्या परत बदलतं, त्याला धूळपाटीच हवी. घरच्या फोटोंना ताम्रपट हवा होता, आणि तिथे आम्ही धूळपाटी घेऊन बसलो. जागा हवी म्हणून कुणीतरी 'इरेज' दाबलं आणि थोरल्या भावाच्या लग्नाचे फोटो गेले. तेव्हा वाचवलेले पैसे मला अजून खुपतात.

धाकटीच्या बारशाची सीडी मात्र साधी निघाली. खालची बाजू अजून स्वच्छ आहे. पण आईने वरून बॉलपेनने, दाबून, नाव आणि तारीख लिहिली होती. खालून प्लास्टिकची एक मिलिमीटरहून जाड ढाल असते, पण वर चांदीच्या थरावर नुसता लॅकरचा पापुद्रा. खरं नाजूक अंग वरचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. परवा ती ड्राइव्हमध्ये घातली. एकशे बारा फोटो उघडले. आईची अक्षरं रुतली आहेत, तिथले नऊ उघडले नाहीत.