निळा कागद आणि तोफेची नळी



फौजेत जबलपूर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात: रेजिमेंटल सेंटर आणि तोफा. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रं इथं आहेत आणि १९०४ साली उभी राहिलेली गन कॅरेज फॅक्टरीही इथलीच. या पोस्टिंगमध्ये रविवारी मी कॅमेऱ्याशिवाय फोटो छापायला शिकतो आहे. छंद कलाकारांचा वाटेल, पण त्याचा धागा थेट तोफांपर्यंत जातो.

पद्धत सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातली दोन द्रावणं समप्रमाणात मिसळायची. (नावाला घाबरू नका, फक्त ॲसिडपासून दूर ठेवा.) मंद उजेडात ब्रशनं कागदावर लावून वाळवायची. वर गुलमोहराचं पान ठेवायचं, काच दाबायची आणि कागद उन्हात ठेवायचा. जिथं ऊन लागतं तिथल्या लोहक्षाराचं रूप बदलतं आणि निळा रंग धरतो. पानाखालचा भाग तसाच राहतो आणि नळाच्या पाण्यात धुऊन जातो. उरतं निळ्यावर पांढरं पान, शिरांसकट, अगदी मूळ मापाचं. जबलपूरचं ऊन या कामाला अजिबात कमी पडत नाही.

याला सायनोटाइप म्हणतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळं थेट कागदावर ठेवून पुस्तक काढायला सुरुवात केली. मजकूरही हातानं लिहून याच पद्धतीनं छापला. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते हेच मानतात.

मग इंजिनियरांना यातलं मर्म कळलं. पानाच्या जागी ट्रेसिंग क्लॉथवरचा आराखडा ठेवला की झाली ब्ल्यूप्रिंट! त्याआधी प्रत्येक नक्कल हातानं उतरवावी लागे आणि प्रत्येक वेळी चुकीला वाव असे. नकाशावर टॅल्क ठेवून ट्रेस काढलेल्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आता एका मूळ प्रतीवरून हव्या तितक्या प्रती उन्हात तयार होऊ लागल्या. पुढं अमोनिया प्रिंट आली, रेषा निळ्या आणि कागद पांढरा झाला, तरी लोक तिला ब्ल्यूप्रिंटच म्हणत राहिले.

वेढ्यातही ही पद्धत कामाला आली. बोअर युद्धात मॅफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला होता. १९०० साली तिथली टपाल तिकिटं आणि एक पौंडाच्या नोटा याच निळ्या पद्धतीनं छापल्या गेल्या. एका तिकिटावर किल्लेदार बेडन-पॉवेल, तर दुसऱ्यावर सायकलवर बसलेला कॅडेट सार्जंट-मेजर.

मराठी माणसाला या घराण्यातली दुसरी पद्धत नावानं तरी ठाऊक असते. जमिनीच्या नकाशासाठी खेटे घातलेल्यांनी पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाचं नाव ऐकलेलं असतं. नकाशाचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापायची ही रीत १८६०च्या सुमारास इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेत रुजली. तिचे पुरस्कर्ते हेन्री जेम्स हे रॉयल इंजिनियर्सचे अधिकारी, म्हणजे फौजीच.

पण निळा कागद धुताना एक गोष्ट हाताला कळते. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो. मूळ आराखड्याला चिकटून काढलेली प्रतही किंचित बदलते. म्हणून आराखड्यावर पट्टी लावून माप घ्यायचं नसतं, लिहिलेला आकडाच खरा धरायचा असतो. आणि तो आकडा इतकाच का, हे कोणतीही प्रत सांगत नाही.

हे कोडं आपल्या सैन्यानं मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. १९८६च्या करारात ४१० बोफोर्स तोफांबरोबर तंत्रज्ञानाची कागदपत्रंही आली. तोवर निळ्या कागदाचा जमाना मागे पडला होता, पण प्रश्न तोच होता. १९९९ मध्ये कारगिलला या तोफांनी नाव कमावलं, पण त्या बाहेरून आणलेल्या होत्या. कागद हाती असूनही भारतीय तोफ सैन्याला मिळायला २०१९ उजाडलं. ८ एप्रिलला जबलपूरच्या याच फॅक्टरीत पहिल्या सहा धनुष तोफा सुपूर्द झाल्या.

धनुष ही निव्वळ नक्कल नाही. दोन्हींचा व्यास १५५ मिलिमीटर, पण बोफोर्सची नळी ३९ कॅलिबरची आणि धनुषची ४५. म्हणजे सहा व्यासांची वाढ: ९३० मिलिमीटर, जवळजवळ तीन फूट. नळी तीन फूट वाढली की तोल बदलतो, रिकॉइलचा हिशेब बदलतो, गाड्यावरचा भार बदलतो. ३९ची नळी कागद पाहून घडवता येते. ४५ची घडवायची तर मूळ आकड्यांमागचं कारण समजावं लागतं. नकलेला अक्कल लागते ती इथं. ती ड्रॉइंग ऑफिसात, लेथवर आणि चाचणीच्या मैदानात वर्षानुवर्षं साठते, आणि निवृत्त होणाऱ्या माणसांबरोबर निघूनही जाते.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी ऑर्डनन्स, रेल्वे किंवा पाटबंधारे खात्यात आराखडे केले असतील, घरी निळे कागद असतील, तर ते अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. साबण-सोडा लागू देऊ नका, अल्कलीनं रंग उडतो. उजेडानं फिके झालेले कागद काही दिवस अंधारात ठेवले तर बराचसा रंग परत येतो. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा: हे माप असंच का घेतलं. ते मात्र उन्हात छापलं जात नाही.

जय हिंद.