दिनविशेष : १८ डिसेंबर
२०२२ : अर्जेंटिना जिंकली, फटाके कोल्हापुरात

कतारमधील लुसैल स्टेडियमवर फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. अर्जेंटिना २-० ने पुढे असताना फ्रान्सच्या एम्बापेने ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेनंतर ३-३, मग पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२. १९८६ नंतर अर्जेंटिनाला चषक मिळाला तेव्हा भारतात मध्यरात्र होत आली होती. कोल्हापूरच्या पेठांत मात्र फटाके, गुलाल नि ‘मेस्सी, मेस्सी’चा गजर! पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ जिथे शाहू स्टेडियमवर ईर्ष्येने भिडतात, त्या शहराला परक्या देशाचा विजयही परका वाटला नाही. शहरातल्या ब्राझील-समर्थकांनी तेवढी दारे लावून घेतली असावीत.